परसातलं डांगर पाणचट का निघतं?

गोंदियात ज्यांच्या परसबागेत डांगराचा, म्हणजे खरबुजाचा, वेल असतो, त्यांची एक तक्रार ठरलेली. वेल फोफावतो, फळंही धरतात, पण कापलं की आत फिकं, पाणचट. दोष बियाण्याला दिला जातो. पुष्कळदा तो पाण्याच्या पाइपाचा असतो.

आंबा आढीत घातला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. डांगरात स्टार्चचा साठा जवळपास नसतोच. तोडल्यावर ते मऊ होईल, घमघमेल, पण गोडी आहे तेवढीच राहील. सगळी साखर वेलावर असतानाच पानांकडून यावी लागते, आणि तीही उशिरा. फळ वाढत असताना इन्व्हर्टेज नावाचं विकर आलेलं सुक्रोज फोडत राहतं आणि ते फळाच्या वाढीत खर्च होतं. हे विकर मंदावलं की मगच सुक्रोज साठू लागतं. फूल आल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण ३५ ते ४५ दिवस जातात. गोडीचा निकाल त्यातल्या अखेरच्या दोनेक आठवड्यांत लागतो.

वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी करणारी ढिवर कुटुंबं हे पिढ्यान्‌पिढ्या साधत आली आहेत. पाणी उतरलं की रेतीत खड्डे करून, शेणखत घालून ते बी लावतात. मुळं खालच्या ओलीपर्यंत जातात, वर रेती कोरडी आणि ऊन सणसणीत. उन्हाळा चढतो तशी ओल आणखी खाली सरकते. फळात साखर भरण्याच्या वेळी नदी आपोआप हात आखडता घेते. ज्या पात्रातली रेतीच उपसून नेली, तिथे ही सोय उरत नाही, आणि हे नुकसान आपण पुरेसं मोजत नाही.

घरी याच्या नेमकं उलट घडतं. धानाची जमीन चिकट, पाणी धरून ठेवणारी. वर आंब्याची सावली. आणि मे महिना तापला म्हणून रोज संध्याकाळी पाणी. म्हणून उंचवटा करा, मातीत रेती आणि कुजलेलं खत मिसळा, वेलावर दोन-तीनच फळं ठेवा. फळ पूर्ण आकाराचं झालं की पाणी कमी करत न्या; पानं दुपारी जराशी मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. पानं मात्र जपायलाच हवीत. भुरी किंवा केवड्याने ती करपली, तर फळाला साखर पुरवणारं कोणी उरत नाही. पिकण्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, तर फळं फुटतात आणि चवही उतरते.

शेजारी काकडी लावल्याने डांगर अगोड होतं, हा समज मात्र सोडून द्यावा. या दोघांचा संकर होतच नाही. वाळकाशी होतो, कारण ते डांगराच्याच जातीचं. पण तेव्हाही यंदाचा गर बदलत नाही, कारण तो आईवेलाचा असतो. फरक पडतो तो त्या बियांतून पुढच्या वर्षी येणाऱ्या वेलांत.

वासाचं गणित वेगळं. फ्रान्समध्ये १९९६ साली संशोधकांनी फळ पिकवणारा इथिलीन वायू जेमतेम तयार करणारं शारांते जातीचं खरबूज घडवलं. त्यात साखर नेहमीसारखी भरली, सुगंध मात्र फारच कमी झाला. म्हणजे सुगंध पिकण्याबरोबर येतो, आणि परसबागेची खरी मिजास इथेच आहे. बाजारात जाणारं फळ प्रवास सोसावा म्हणून लवकर तोडावं लागतं. घरी देठाभोवती बारीक चीर पडेपर्यंत आणि हलक्या धक्क्याने फळ सुटेपर्यंत थांबता येतं.