विश्लेषण : डालडा मागे पडला, पण ट्रान्स फॅटचे काय?

बिस्किटाच्या पुड्यावर ‘ट्रान्स फॅट : ० ग्रॅम’ असे छापलेले आता सर्रास दिसते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल, वनस्पती तूप आणि त्यांपासून बनणाऱ्या पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. ही टक्केवारी संपूर्ण पदार्थाची नव्हे, तर त्यातील एकूण स्निग्धांशाची. हा आकडा आला कुठून आणि तो पाळल्यावरही काय शिल्लक राहते?

तेलाचे ‘तूप’ कसे झाले?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये एका प्रक्रियेचे पेटंट घेतले. गरम तेलात निकेलची भुकटी घालून हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल घट्ट होते. तेल स्वस्त आणि तूप, लोणी महाग. त्यामुळे ही युक्ती कारखानदारांनी लगेच उचलली. अमेरिकेत १९११ मध्ये ‘क्रिस्को’ बाजारात आले. आपल्याकडे मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव आले. पुढे कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप हे डालडाच झाले. रिकाम्या डब्यांत तुळशी लागल्या, हा भाग वेगळा.

साजूक तुपात याची भेसळ होणार, हे उघड होते. ती पकडण्यासाठी सरकारने केलेला उपाय मोठा नामी होता. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक केले गेले. तिळाच्या तेलातील एक घटक हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्या संपर्कात आला की गुलाबी-लाल रंग येतो. तूप लाल झाले की चोरी उघड. शाळा-महाविद्यालयांत आजही हा प्रयोग करून दाखवतात. मात्र ही सारी दक्षता ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी होती. वनस्पती तूप स्वतःच हृदयाला घातक असेल, हा विचार बराच नंतरचा.

वाकडा रेणू, सरळ रेणू

ओलिक आम्ल हे शेंगदाणा तेलातील एक प्रमुख मेदाम्ल. त्यात १८ कार्बन अणूंची साखळी असते आणि मधोमध एक दुहेरी बंध. या बंधापाशी साखळी वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसे हे रेणू एकमेकांना नीट चिकटत नाहीत. म्हणून ते साधारण १४ अंश सेल्सिअसलाच वितळतात. हायड्रोजन देताना प्रक्रिया अर्धवट राहिली, तर काही रेणूंतील दुहेरी बंध कायम राहतो, पण उलट बाजूला वळतो आणि साखळी सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. अणू तेच, संख्या तीच, पण वितळणबिंदू थेट ४४ अंशांच्या आसपास. खारीचे पापुद्रे सुटतात, केकवरचे क्रीम उभे राहते, माल लवकर खवट होत नाही. उद्योगाला आणखी काय हवे?

प्रक्रिया पूर्ण केली, तर ट्रान्स फॅट जवळपास उरतच नाही. मात्र हाती लागते ते मेणासारखे कडक. दोष हायड्रोजनचा नाही, अर्धवटपणाचा आहे.

धोका कळायला इतका उशीर का?

अमेरिकी संशोधक फ्रेड कुमेरो यांनी १९५७ मध्येच मानवी ऊतींत ट्रान्स फॅट साठल्याचे दाखवले होते. पण तेव्हा सारा रोख प्राणिजन्य चरबीवर होता आणि वनस्पती म्हटले की निर्धोक, असा समज होता. १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि कटान यांनी ५९ निरोगी माणसांना तीन वेगवेगळे आहार प्रत्येकी तीन आठवडे दिले. ट्रान्स फॅटच्या आहाराने ‘वाईट’ एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेच, शिवाय ‘चांगले’ एचडीएल घटले. संपृक्त चरबीही एलडीएल वाढवते, पण एचडीएल असे खाली ओढत नाही. पुढच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये आला. रोजच्या उष्मांकांपैकी अवघे २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला.

डेन्मार्कने २००३ मध्ये जगात पहिल्यांदा २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आणली. कुमेरो यांनी २००९ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला, दाद मिळेना म्हणून ९८व्या वर्षी न्यायालयात गेले. २०१५ मध्ये बंदीचा निर्णय झाला. २०१७ मध्ये, १०२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतात वनस्पती तुपासाठीची मर्यादा १० टक्क्यांवरून ५, २०२१ मध्ये ३ आणि नंतर २ टक्के अशी टप्प्याटप्प्याने खाली आली.

मग आता काय खातो आपण?

घट्टपणा तर बेकरीला हवाच. तो आता मुख्यतः पामतेलातून येतो. पामतेलातील सुमारे निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. म्हणून ते हायड्रोजन न देताही निमघट्ट राहते. ट्रान्स फॅटपेक्षा हे नक्कीच बरे. पण ‘० ट्रान्स फॅट’ वाचून खारीचा आख्खा पुडा संपवणाऱ्याने त्याच चौकटीतला ‘संपृक्त मेद’ हा आकडाही पाहावा. दूध आणि साजूक तुपातही थोडे नैसर्गिक ट्रान्स फॅट असते. २ टक्क्यांची मर्यादा त्याला लागू नाही.

खरी अडचण वेष्टनच नसलेल्या पदार्थांची आहे. सुटी खारी, नानकटाई कोणत्या मेदात केली, हे गिऱ्हाईकाला कळण्याची सोय नाही. वडे-भजीच्या कढईचा प्रश्न थोडा वेगळा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात ट्रान्स फॅटपेक्षाही ‘ध्रुवीय संयुगे’ जास्त वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. अशा तेलापासून बायोडिझेल किंवा साबण करता येतो. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते गोळा करण्याची ‘रुको’ ही योजना आणली. पण काळे पडलेले तेल योजनेत जाण्याआधी स्वस्तात छोट्या विक्रेत्याच्या कढईत जाऊ शकते, आणि ते तपासण्याचे यंत्र गिऱ्हाईकाच्या हातात नसते. त्याला दिसतो तो तेलाचा रंग, फेस आणि तापण्याआधीच निघणारा धूर.