'कधी?' या प्रश्नाची अडीच वर्षे

10 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी विधानसभेचे अध्यक्ष राहुल नार्वेकर विधान भवनात निकाल वाचत होते आणि वाहिन्या तो थेट दाखवत होत्या. शिवसेनेच्या दोन गटांनी एकमेकांच्या आमदारांविरुद्ध दाखल केलेल्या 34 याचिकांचा हा निकाल. वाचन संपले तेव्हा एकनाथ शिंदे यांचा गट हीच खरी शिवसेना ठरली होती. अपात्र मात्र कोणीच ठरले नव्हते. शिंदे यांच्यासोबत गेलेले पात्र, उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिलेलेही पात्र. पक्षादेश त्यांच्यापर्यंत रीतसर पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून दुसरा गटही वाचला. दोन्हीकडचे आमदार सुटले. कोणी चुकलेच नव्हते तर ठाकरे सरकार पडले कशामुळे, हा टीव्हीसमोर बसलेल्या मतदाराचा प्रश्न तेवढा उरला.

त्याआधी दीड वर्ष लोक जो प्रश्न विचारत होते तो याहून साधा होता. निकाल काय लागणार हे बहुतेकांनी मनाशी धरून ठेवलेलेच होते. त्यांना हवी होती तारीख.

जून 2022 मधला बंडखोर आमदारांचा प्रवास सगळ्यांना पाठ आहे: सुरत, गुवाहाटी, गोवा, मुंबई. सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांच्या फोनवरच्या झाडी, डोंगर आणि हाटेलाने राज्याला हसवले. ऑगस्टच्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या. बंड झाले तेव्हा एक खुर्ची मात्र कधीची रिकामी होती. नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 रोजी अध्यक्षपद सोडले आणि ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यानंतर जवळपास 17 महिने विधानसभेला अध्यक्षच नव्हता. महाविकास आघाडीने निवड गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने करण्यासाठी नियम बदलले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तारीख दिली नाही. 30 जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला आणि 3 जुलैला निवडणूक उरकली: 164 विरुद्ध 107. सतरा महिने न सापडलेली तारीख चौथ्या दिवशी सापडली. आघाडीनेही आपले बहुमत असताना हा घोळ वेळीच मिटवला नव्हता, हे विसरू नये.

खुर्ची रिकामी असली तरी तिचे अधिकार वापरले जात होतेच. 5 जुलै 2021 रोजी तालिका अध्यक्ष म्हणून भास्कर जाधव बसले होते. त्या दिवशी भाजपचे 12 आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. वर्षभर बारा मतदारसंघांना सभागृहात आवाज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही आणि जानेवारी 2022 मध्ये निलंबन घटनाबाह्य ठरले. जाधवांचे नाव पुढे पुन्हा येईल.

अध्यक्ष झाले तेव्हा नार्वेकर 45 वर्षांचे होते. पेशाने वकील, आधी शिवसेना, मग राष्ट्रवादी आणि शेवटी भाजप असा प्रवास केलेले कुलाब्याचे आमदार. विधान भवन त्यांच्याच मतदारसंघात येते. सासरे रामराजे नाईक निंबाळकर विधान परिषदेचे सभापती, त्यामुळे काही दिवस वरच्या सभागृहात सासरे आणि खालच्या सभागृहात जावई असा योग जुळला. सभागृहात त्यावरून कोट्या झाल्या. त्या हलक्याफुलक्या दिवशी पुढच्या दीड वर्षाचा अंदाज फारसा कोणाला आला नसावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल 11 मे 2023 रोजी आला. बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकला, असे न्यायालय म्हणाले. अध्यक्षांनी भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, म्हणून त्यांना पुन्हा मुख्यमंत्री करता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा.

या 'वाजवी' शब्दाने पुढचे आठ महिने खाल्ले. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात मुदतच लिहिलेली नाही. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली तेव्हा अध्यक्ष हा पक्षापलीकडचा माणूस असतो असे गृहीत धरले गेले. मणिपूरच्या प्रकरणात 2020 मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांचा दंडक सांगितला होता, तरी महाराष्ट्रात पहिली सुनावणी झाली ती सप्टेंबर 2023 मध्ये. घाई करणार नाही आणि दिरंगाईही करणार नाही, असे नार्वेकर पत्रकारांना वारंवार सांगत राहिले. यातल्या पहिल्या निम्म्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. ऑक्टोबरमध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी कडक शब्दांत सुनावले, वेळापत्रक मागितले आणि ते न पटल्याने स्वतःच मुदत घालून दिली. 31 डिसेंबरची ती मुदत वाढून 10 जानेवारी झाली.

निकालात ज्या गोगावलेंची मान्यता न्यायालयाने आठ महिन्यांपूर्वी बेकायदा म्हटली होती, त्यांचीच नेमणूक वैध ठरली. खरा पक्ष कोणता हे आधी ठरवायचे आणि त्यावरून प्रतोद कोण हे ठरवायचे, अशी त्यामागची अध्यक्षांची मांडणी होती. पक्षाची घटना कोणती धरायची, तर निवडणूक आयोगाच्या नोंदीतली 1999 ची, ठाकरे गट दाखवत होता ती 2018 ची नव्हे. वकिलाच्या नजरेने पाहिले तर या युक्तिवादाला सांधे आहेत. मतदाराला मात्र इतकेच दिसले की ज्या प्रश्नाचे उत्तर पक्षांतरबंदीच्या कायद्याने द्यायचे होते, ते विधानसभेतल्या संख्येने दिले. 15 फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या फुटीच्या प्रकरणातही हेच झाले. अजित पवार यांचा गट खरा, अपात्र कोणीच नाही.

निकालानंतर सहा दिवसांनी ठाकरे यांनी वरळीत 'जनता न्यायालय' भरवले. पडद्यावर कागदपत्रे, जुनी दृश्ये, वकिलांची भाषणे. त्याच दिवशी नार्वेकरांनीही पत्रकार परिषद घेऊन प्रत्युत्तर दिले. अध्यक्षाने आपल्या निकालाची बाजू पत्रकारांपुढे मांडावी हे विचित्रच. पण त्याला जाब विचारण्याची दुसरी जागा तरी कुठे आहे? ग्रामसभेत एखादी बाई उभी राहून सरपंचाला पाणीपट्टीचा हिशेब मागू शकते. विधानसभेत तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहेत, पण ते सगळे मंत्र्यांना. ज्यांच्या परवानगीने ते विचारले जातात त्यांना विचारण्याची सोय नियमांत नाही. सभागृहाने पदावरून दूर करण्याची तरतूद घटनेत आहे, पण त्यासाठी बहुमत लागते, आणि बहुमतानेच अध्यक्ष निवडलेला असतो.

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ते प्रलंबित असतानाच नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. ज्या सभागृहाचे सदस्य अपात्र की पात्र हा वाद होता, ते सभागृहच संपले. 9 डिसेंबरला नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले, या वेळी बिनविरोध.

जुलै 2025 मध्ये तेलंगणाच्या दहा आमदारांचे असेच रखडलेले प्रकरण न्यायालयासमोर आले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तेथील अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि हे काम अध्यक्षांकडे ठेवण्याचा हेतू साधतो का, याचा विचार संसदेने करावा असे सुचवले. गवई अमरावतीचे. त्यांचे वडील रा. सू. गवई महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते.

महाराष्ट्रात तोवर प्रश्न बदलला होता. नव्या विधानसभेत 288 पैकी दहा टक्के, म्हणजे 29 जागा कोणत्याच विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. सर्वांत मोठा उद्धव ठाकरे यांचा पक्ष, 20 आमदारांचा. मार्च 2025 मध्ये त्यांनी विरोधी पक्षनेतेपदासाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले. दहा टक्क्यांची अट कायद्यात कुठे लिहिली आहे, असे विरोधक विचारत राहिले. निर्णय अध्यक्षांच्या अखत्यारीतला आहे, असे सरकारकडून उत्तर मिळत राहिले. त्या वर्षीचे अर्थसंकल्पी अधिवेशन विरोधी पक्षनेत्याविना पार पडले, पावसाळीही.