पाण्याचे कर्ज आणि लोकांची ठेव

गेल्या वर्षी आमच्या गावची एक पतसंस्था बंद पडली आणि आईने शिलाईकामातून साठवलेली ठेव तीत अडकली. "कर्जं दिली, पण तारण काय घेतलं होतं?" हा प्रश्न वडील ज्याला त्याला विचारीत होते. पुढे अर्थशास्त्राचे वाचन करताना, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तारणाचाच प्रश्न मतपेटीपर्यंत गेल्याचे वाचले आणि माझे कुतूहल जागे झाले.

तेथे १८८७ साली 'राइट कायदा' झाला. एखाद्या भागातील दोनतृतीयांश मतदारांनी संमती दिली, की तेथे पाटबंधारे जिल्हा स्थापता येई. हा जिल्हा कालव्यांसाठी कर्जरोखे काढी आणि जमिनीवर कर बसवून ते फेडी. त्याच वर्षी टर्लॉक येथे असा पहिला जिल्हा स्थापन झाला. बड्या जमीनदारांचा विरोध होता. परंतु १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. तरीही अनेक जिल्हे बुडाले आणि रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना.

येथे बँकांचा संबंध येतो. आपण कर्ज घेताना बँकेला तारण देतो. सरकारी पैसा ठेव म्हणून घेताना मात्र बँकेनेच सरकारला तारण द्यावयाचे असते. पाटबंधाऱ्यांचे रोखे या तारणात चालतील असे ठरले, तर बँका ते आपण होऊन विकत घेणार, शेतकऱ्याला कर्ज सुलभ होणार. पण हा नियम राज्यघटनेतला; म्हणून तो बदलण्यास मतदारांचा कौल आवश्यक होता.

यात धोका कोणता? शेतमालाचे भाव कोसळले की कर थकतो, रोख्याची किंमत उतरते. आणि त्याच भागातील बँकही त्याच वेळी अडचणीत येते. ठेव व तारण दोन्ही एकाच पिकावर उभी! मंदीच्या काळात लिंडसे-स्ट्रॅथमोर हा पाटबंधारे जिल्हा कर्ज फेडू शकला नाही. धनकोंना डॉलरमागे सुमारे ६० सेंट देण्याची त्याची योजना होती. अशा तडजोडीस वाट देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये ग्राह्य धरला.

आपल्याकडेही १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने रोखे काढले. त्यांमागे राज्य शासनाची हमी होती. हमी शासनाची म्हटली, तरी ती अखेर करदात्याचीच.

कालवा हवा, त्यासाठी कर्जही हवे. मात्र वडिलांचा तो प्रश्न पैसे अडकल्यावर नव्हे, ठेव ठेवतानाच विचारला पाहिजे, हे मी आता शिकलो आहे.