वकिलांचीही पेढी असते: अमरचंद मंगलदासची कहाणी

शहागंज, सिटी चौक, गुलमंडी इथल्या आमच्या व्यापाऱ्याला वकील म्हणजे एक माणूस ठाऊक असतो. वडिलांचे काम ज्या वकीलसाहेबांनी पाहिले ते वारले की फायलींचे गाठोडे बांधून मुलगा दुसरे वकीलसाहेब शोधू लागतो. मुंबईच्या फोर्ट भागात मात्र वकिलांच्या अशा पेढ्या आहेत की पाटीवर ज्यांची नावे आहेत ती माणसे जाऊन पिढ्या लोटल्या, तरी दरवाजा रोज उघडतो आणि अशील येतच राहतात. त्यांपैकी सर्वांत गाजलेल्या पेढीची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. ती वकिलांची असली तरी दुकानदाराने आणि कारखानदाराने ऐकावी अशी आहे, कारण ती शेवटी भागीदारीची आणि वाटणीची हकिकत आहे.

ही चाल इंग्रजांची. क्रॉफर्ड बेली ही पेढी 1830 ची, लिटल अँड कंपनी 1856 ची. मुंबईत तेव्हा कापूस, जहाजे आणि बँका यांचा कारभार वाढत होता. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने कागद तयार करावेत आणि बॅरिस्टरने उभे राहून बोलावे, अशी कामाची वाटणी होती. व्यापाऱ्याचा रोजचा संबंध सॉलिसिटरशी. करार तोच लिही, तारण तोच तपाशी. त्याचे सगळे गिऱ्हाईक पेढीवाले, म्हणून तोही पेढीवाला झाला.

या धंद्यात पहिला हिंदी माणूस शिरला तो मुसलमान व्यापारी घरातला, हे आमच्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. खंबायतहून आलेले सुलेमानी बोहरा व्यापारी तय्यब अली यांचे पुत्र कमरुद्दीन तय्यबजी विलायतेत शिकून 1858 मध्ये सॉलिसिटर झाले. त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. एक भाऊ कागद पाहणारा, दुसरा कोर्टात बोलणारा! बद्रुद्दीन पुढे 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि 1895 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

त्याच 1895 साली मुल्ला अँड मुल्ला ही पेढी निघाली. दिनशा मुल्ला यांचा मुस्लिम कायद्यावरचा ग्रंथ कोर्टात आजही उघडला जातो, आणि नावावरून आमच्यातले कितीतरी लोक त्यांना मुसलमान समजतात. ते पारशी होते. भागीदारीचा 1932 चा कायदा ज्या खास समितीने तपासून तयार केला, तिच्यातही ते होते. तुमच्या-आमच्या दुकानाच्या भागीदारीला आज तोच कायदा लागू आहे. त्याच्याकडे आम्ही शेवटी येऊच.

अमरचंद मंगलदास या पेढीचा जन्म 1917 चा. अमरचंद श्रॉफ आणि मंगलदास मेहता या दोघांनी मुंबईत ती काढली. पुढे सूत्रे श्रॉफ कुटुंबाकडे राहिली. अमरचंदांचे पुत्र सुरेश यांचे नाव पाटीवर चढले आणि पाटी लांबत लांबत ‘अमरचंद अँड मंगलदास अँड सुरेश ए. श्रॉफ अँड कंपनी’ अशी झाली. सुरेशभाईंची दोन मुले, शार्दूल आणि सिरिल. शार्दूल यांनी दिल्लीची शाखा वाढवली, सिरिल यांनी मुंबई सांभाळली.

खरी भरभराट 1991 नंतरची. परवाना राज सैल झाले, परदेशी कंपन्या इथे भागीदार शोधू लागल्या, एक कंपनी दुसरीला विकत घेऊ लागली. अशा एका सौद्यात जमिनीचे कागद, कर, कामगारांची देणी, बँकेचे तारण, शेअर बाजाराचे नियम, सगळे एकदम तपासावे लागते आणि तेही थोड्या दिवसांत. एकटा वकील कितीही हुशार असो, तिथे पुरा पडत नाही. दहा-वीस जणांची तुकडी लागते. ज्या पेढीकडे अशी तयार माणसे होती तिच्याकडे काम आपोआप वळले. वकिलाला जाहिरात करण्याची मनाई आहे, तेव्हा नाव हीच काय ती जाहिरात.

तयार माणसे कुठून येतात? याचे उत्तर अमेरिकेत शोधावे लागते. न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅव्हाथ या वकिलाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक रीत घातली. बाहेरचा नावाजलेला वकील आणायचा नाही. कॉलेजातून ताजी, हुशार पोरे घ्यायची, पगार द्यायचा, एकामागून एक वरिष्ठांच्या हाताखाली घालून तयार करायची, आणि काही वर्षांनी जे टिकतील त्यांतल्या मोजक्यांना भागीदार करायचे. आमच्या हिमरूच्या मागावर उस्तादाने शागिर्दाला घडवावे तशीच ही रीत. फरक इतकाच, की तिथे शागिर्दाला शेवटी हिस्सा मिळण्याची वाट मोकळी होती. आमच्या किती कारागीर घरांत ती होती, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. शिकागोत 1909 मध्ये निघालेल्या कर्कलंड अँड एलिस या पेढीने 2023 या एका वर्षात सात अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. वकिली हा केवढा कारोबार होऊ शकतो, हे त्यावरून कळावे.

या अमेरिकन पेढ्यांना हिंदुस्थानचा मोह नसता तरच नवल. व्हाइट अँड केससारख्या काहींनी नव्वदीच्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे संपर्क कार्यालये उघडली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि 2009 मध्ये निकाल परदेशी पेढ्यांच्या विरोधात गेला. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये त्यांना इथे वकिली करता येणार नाही असेच सांगितले; येऊन-जाऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देण्यापुरती मुभा ठेवली. बार कौन्सिलने 2023 मध्ये नोंदणीचे नियम काढून आणि 2025 मध्ये ते सुधारून दार थोडे किलकिले केले, पण इथल्या कोर्टात उभे राहणे अजून मनाच आहे. तेवढ्या अवधीत देशी पेढ्यांना वाढायला मोकळे रान मिळाले.

आणि मग घरातच भांडण लागले. मातोश्री भारती श्रॉफ यांच्या निधनानंतर त्यांच्या मृत्युपत्रावरून आणि हिश्श्यावरून दोघा भावांत वाद झाला. दुसऱ्यांचे तंटे मिटवणारी पेढी 2014 मध्ये स्वतः मुंबई उच्च न्यायालयात उभी राहिली. वर्तमानपत्रांना काय, चारा मिळाला! पण पुढचे पाहण्यासारखे आहे. दोघांनी वर्षानुवर्षे तारखा घेतल्या नाहीत. मे 2015 मध्ये वाटणी झालीसुद्धा. जुने नाव कुणा एकाने घेतले नाही: मुंबईची झाली सिरिल अमरचंद मंगलदास, दिल्लीची झाली शार्दूल अमरचंद मंगलदास. लगेच एकाने दिल्लीत, दुसऱ्याने मुंबईत कार्यालय थाटले. आज दोन्ही देशातल्या अव्वल पेढ्यांत गणल्या जातात. दुकान फुटले की दोन्ही भाऊ बुडतात, असे आपल्याकडे म्हटले जाते. इथे तसे झाले नाही, कारण गिऱ्हाईक, माणसे आणि हिशेब सगळे कागदावर होते आणि वाटता येत होते.

आता आपल्या गावाकडे वळू. 1956 पूर्वी मराठवाड्याचे अपील हैदराबादला जाई, नंतर मुंबईला. 27 ऑगस्ट 1981 पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) बसू लागले आणि मुंबईची वारी टळली. कोर्ट जवळ आले, पण कोर्टात न्यायला कागद कुठे आहे?

बाप आणि तीन मुले एका दुकानात बसतात. लोक म्हणतात, यांचे एकत्र आहे. हिंदू एकत्र कुटुंबाला कायद्यात जे स्थान आहे ते मुस्लिम कुटुंबाला नाही, हे मुल्लांच्या ग्रंथातही लिहिलेले आहे. थोरल्याने वीस वर्षे गल्ला सांभाळला म्हणून तो भागीदार होत नाही; तसा करार असावा लागतो. करार नसेल तर बाप गेल्यावर दुकान ही वारसांची मिळकत. बेवेचा आणि मुलींचा हिस्सा त्यात आलाच, आणि तो द्यायलाच हवा. पण थोरल्याची वीस वर्षांची मेहनत कुठल्या रकान्यात मांडायची?

भागीदारी असेल पण नोंदलेली नसेल, तर दुसरे संकट. 1932 च्या कायद्याचे कलम 69 म्हणते की बिगरनोंदणी फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. सूट आहे ती शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला. म्हणजे लाखाची उधारी बुडाली तरी हात चोळत बसायचे. नोंदणी केव्हाही करता येते, मात्र ती दाव्याच्या आधी झालेली असावी.

भागीदार वारला तर, करारात उलट काही लिहिलेले नसल्यास, फर्म तिथेच संपते. उरलेल्यांनी हिशेब न चुकता करता धंदा चालू ठेवला, तर मयताच्या वारसांना त्याच्या हिश्श्यावर झालेला नफा किंवा दरसाल सहा टक्के व्याज, यांपैकी हवे ते मागता येते. ‘एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहील’ हे एक वाक्य भागीदारीपत्रात असले की बराच तंटा वाचतो. मात्र भागीदार दोघेच असतील तर ते वाक्यही उपयोगी पडत नाही, कारण एकटा माणूस भागीदारी करणार कुणाशी? तिसरा भागीदार, मग तो मुलगा असो की मुलगी, दोघेही हयात असतानाच घ्यावा लागतो.