मसुदा मराठीतही लिहू द्या

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएलबीत बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार मसुदालेखन हा सक्तीचा विषय आहे आणि किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिपही. पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा हा सराव मुख्यतः इंग्रजीत होतो. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. जमिनीच्या साध्या दाव्यातही सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा असे सगळे कागद मराठीतच असतात. त्यांच्या आधारे मिळकतीचे वर्णन चतुःसीमांसह नेमके लिहिणे, दाव्याचे कारण कधी व कुठे घडले हे मांडणे, शेवटी विनंतीचे कलम आणि सत्यापन बिनचूक करणे, हे कौशल्य सरावाशिवाय येत नाही. चतुःसीमा चुकल्या तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी अडते. त्याची झळ पक्षकाराला बसते.

उच्च न्यायालयात इंग्रजीच लागते, हा आक्षेप खरा आहे. राज्यघटनेचे कलम 348 तसेच सांगते. म्हणून इंग्रजी कमी करा, असे कोणी म्हणू नये. पण बहुतेक दावे खालच्या न्यायालयात सुरू होतात आणि तिथे राहिलेली उणीव अपिलात सहसा भरून निघत नाही. परिभाषेची अडचणही फार मोठी नाही, कारण भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उपलब्ध आहे. मसुदालेखनाच्या प्रात्यक्षिकांपैकी निम्मी मराठीत घ्यावीत आणि ती वकिली करणाऱ्यांकडूनच तपासून घ्यावीत.