एका दिवसाची सातशे साठ वर्षं

महिन्यातून एकदा रीडिंग घ्यायला माणूस यायचा, मीटरचा फोटो काढायचा आणि त्या एका आकड्यावर बिल निघायचं. वर्षाचे आकडे बारा. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी वापर टिपू लागला, की दिवसाला ९६ नोंदी होतात आणि वर्षाला ३५,०४०. महिन्याला एक या जुन्या चालीने एवढ्या नोंदी जमवायला २,९२० वर्षं लागली असती. घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातली माणसं नांदत होती, तेव्हापासून सुरुवात करावी लागली असती.

हे झालं एका घराचं. केंद्राच्या २०२१च्या योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट आहे. ते सगळे असेच टिपू लागले, तर रोजच्या नोंदी २,४०० कोटी. सेकंदाला एक, अशा अखंड मोजल्या तर ७६० वर्षं! ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी, देवगिरीवर यादव असताना मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे उठेल. मोजून झालेला असेल एकच दिवस.

इतकं बारीक मोजायचं, कारण तारेत वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती लागते. तोल ढळला की ५० हर्ट्झची वारंवारता हलते. ५ एप्रिल २०२०च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनी कोसळली. कोयनेची सगळी क्षमता १,९६० मेगावॉट. जवळजवळ सोळा कोयनांची वीज काही मिनिटांत नकोशी झाली! जलविद्युत झपाट्याने कमी करून अभियंत्यांनी ग्रिड सावरलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण ती वेळ आधी जाहीर झालेली होती. रोज सूर्य मावळतो, सौरवीज ओसरते आणि त्याच वेळी घराघरांत बटणं दाबली जातात. ते कुणी आधी कळवत नाही. महिन्याच्या एका आकड्यात ही संध्याकाळ दिसतच नसे.

मात्र त्या ३५,०४० नोंदींत माझं घरही दिसतं. त्या कुणाच्या हाती जातात हे मला कळायला हवं, आणि सगळ्यांत आधी त्या मला दिसायला हव्यात. दुपारी घर रिकामं असतं. परीक्षेच्या दिवसांत रात्री दीडपर्यंत पंखा चालू असतो. आणि आई गावाहून आली, की पहाटे साडेचारच्या नोंदीत गीझरचं अर्धं युनिट चढतं.