कापसाच्या रानातलं गाणं

सावंगीतल्या चहाच्या टपरीवर एका मुलानं विचारलं, "चाचा, मला ब्लूज वाजवायचंय. पण त्यावर पोट भरेल का?" प्रश्न त्याच्या वडिलांचा होता, खांद्यावरची गिटार तेवढी त्याची.

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. मिसिसिपीच्या कापसाच्या रानात ते वाढलं, म्हणून वर्ध्याच्या माणसाला ते परकं वाटू नये. त्याचा साचा लहान आहे. 4 मात्रांचा एक, असे 12 खंड. आणि सा, म, प यांवर उभे असलेले तीन कॉर्ड. ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. कव्वालही असाच मिसरा घोळवतो. तार ओढून स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे ठेवायचा, ही जवळजवळ आपली मींडच. साचा लवकर हाती येतो. ती मधली जागा सापडायला वर्षं जातात.

मडी वॉटर्स हा तिथल्या कापूसमळ्यावरचा मजूर. 1941 मध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. स्वतःचा आवाज ऐकून त्याला धीर आला. 1943 मध्ये तो शिकागोला गेला. दिवसा काम, रात्री गाणं. क्लबच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेवरची गिटार धरली.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या वॉरन मेंडोन्सा यांचं. 'झीरो' या रॉक बँडमध्ये ते वाजवत. शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतातही त्यांची गिटार आहे. 2007 मध्ये 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावानं त्यांचा स्वतःचा वाद्यसंगीताचा अल्बम आला. 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी शिकागोचे बडी गाय तिथे वाजवून गेले.

लॉय हे मेंडोन्सांचे काका, हेही सांगायला हवं. सावंगीच्या मुलाला असा काका नाही. त्याची वाट लांबची आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, "बाबा, आधी दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ कर आणि मानधन मागायला लाजू नकोस. वाजवलेलं ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐक. आणि तोवर हातातलं काम सोडू नकोस. माझं पोट कवितेनं नाही, नोकरीनं भरलं. पण म्हणून कविता थांबली नाही."

तो म्हणाला, "वडिलांना हे तुम्हीच सांगा." येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)